आधी पाणी, मग मासे

दोन महिन्यांपूर्वीची गोष्ट. मुंबईतील एका परिचित अॅक्वेरियम दुकानदाराच्या गल्ल्याशेजारी आम्ही बसलो होतो. संध्याकाळची वेळ होती, गिऱ्हाइकांची ये-जा चालू होती. तेवढ्यात एक मध्यमवयीन गृहस्थ आत आले. त्यांच्या हातात झाकणाचा प्लास्टिकचा डबा होता. त्यांनी तो काउंटरवर ठेवून उघडला. आत तळहाताएवढा गोल्डफिश मरून पडला होता.

"भाई, टाकी तुमच्याकडूनच नेली," ते म्हणाले. "अजून आठ दिवस झाले नाहीत. माझ्या मेहुण्याच्या घरी सात वर्षं जगलेली जोडी होती ही. आमच्याकडे एक पाचव्या दिवशी गेला, दुसरा आज सकाळी. टाकीतच काही खोट आहे."

मेहुण्याची जुनी चाळ पुनर्विकासाला गेली होती. संक्रमण शिबिराच्या खोलीत तीन फुटी टाकी ठेवायला जागा नाही, म्हणून त्यांनी मासे बहिणीच्या घरी द्यायचे ठरवले. जुनी टाकी एका कोपऱ्यात गळत होती, म्हणून नवी घेतली. सकाळी टाकी घरी आली, दुपारी नळाचे पाणी भरले, संध्याकाळी मासे सोडले. पाणी अगदी आरशासारखे स्वच्छ होते. जुन्या टाकीतली खडी आणि फिल्टरचा स्पंज त्यांनी नळाखाली ब्रशने घासून चकाचक केला होता. नव्या घरी जुनी घाण कशाला न्यायची, असा त्यांचा सरळ विचार.

दुकानदाराने सर्व शांतपणे ऐकून घेतले. गृहस्थांनी बाटलीत आणलेल्या टाकीच्या पाण्याचे चार थेंबी परीक्षण केले. काचेच्या नळीतले पाणी पिवळे राहायला हवे होते, ते गडद हिरवे झाले. "टाकीत खोट नाही, साहेब," तो म्हणाला. "पाणी तयार नव्हतं. चूक आमचीही आहे. आम्ही सांगायला हवं होतं."

गिऱ्हाईक गेल्यावर तो आम्हाला जे बोलला ते अधिक महत्त्वाचे आहे. "टाकी विकली त्या दिवशीच मला ठाऊक होतं की हे आजच मासे सोडणार. पण महिनाभर थांबा म्हटलं असतं, तर ते शेजारच्या दुकानात गेले असते. म्हणून गप्प बसलो."

मालातील ऐब सांगून माल विकावा, हे गल्ल्यावर बसवताना आपल्या प्रत्येकाच्या वडीलधाऱ्यांनी शिकवलेले असते. काचेच्या टाकीत ऐब नव्हती हे खरे; पण टाकी मासे ठेवण्यासाठी विकली जाते, आणि त्या दिवशी ती त्या कामाला लायक नव्हती. मासे, टाक्या, फिल्टर, खाद्य यांचा व्यापार करणारे, काच कापून टाक्या जोडणारे आणि घरोघरी जाऊन टाक्यांची देखभाल करणारे आपले बरेच बांधव आहेत. त्यांच्यासाठी आणि ज्यांच्या घरात काचेची टाकी आहे त्या सर्वांसाठी हा विषय येथे जरा तपशिलाने मांडत आहोत.

टाकी जोडणाऱ्यांसाठी

सुरुवात काचेपासून करू. एक घनफूट जागेत 28.3 लिटर पाणी मावते आणि एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद आणि सव्वा फूट उंच टाकीत सुमारे 133 लिटर पाणी बसते. काच आणि खडी धरली की एकूण वजन पावणेदोनशे किलोच्या घरात जाते. अशा टाकीला 6 मिलिमीटर काच लावून पैसे वाचवण्यापेक्षा 8 मिलिमीटर लावावी आणि वरच्या कडेला काचेच्या पट्ट्या द्याव्यात. पाण्याचा दाब उंचीप्रमाणे वाढतो, लांबीप्रमाणे नव्हे. तरी लांब काच मध्यभागी फुगते, म्हणून पट्टी लागतेच.

सिलिकॉन निवडताना फार काळजी हवी. न्हाणीघरासाठी मिळणाऱ्या सिलिकॉनमध्ये बुरशी येऊ नये म्हणून औषध घातलेले असते. ते औषध पाण्यात उतरते आणि माशांना बाधते. टाकीसाठी शुद्ध सिलिकॉनच वापरावे, ज्याच्या नळीवर बुरशीरोधक असल्याचा उल्लेख नाही. लावताना शिरक्यासारखा वास येतो, तो सुकताना निघणाऱ्या आम्लाचा असतो. तो वास पूर्ण जाईपर्यंत पाणी भरू नये. पातळ सांधा एक-दोन दिवसांत सुकतो, जाड सांध्याला आठवडाही लागतो. त्यानंतर टाकी सपाट जागी काठोकाठ भरून किमान 24 तास कोरड्या कागदावर ठेवावी. कागदावर एकही ओला डाग दिसला नाही, तरच टाकी दुकानाबाहेर जाऊ द्यावी.

जुनी टाकी विकत घेऊन पुन्हा विकणाऱ्यांनी आणखी एक करावे. आधीच्या माशांचा रोग त्या टाकीत राहिलेला असू शकतो. बादलीभर पाण्यात चमचाभर ब्लीचिंग पावडर विरघळवून त्या पाण्याने टाकी आतून धुवावी, अर्धा तास ठेवावी, स्वच्छ पाण्याने तीन-चार वेळा खंगाळावी आणि उन्हात कडकडीत वाळवावी. काचेवरचा पांढरा थर लिंबू किंवा शिरक्याने निघतो. साबण, फिनेल किंवा भांडी घासण्याची पावडर टाकीला कधीही लावू नये. साबणाचा अंश सिलिकॉनच्या फटीत राहतो आणि माशांच्या कल्ल्यांना इजा करतो.

घरात जागा

टाकी कुठे ठेवायची हे गिऱ्हाइकाने नव्हे, दुकानदाराने विचारले पाहिजे. पावणेदोनशे किलो वजन साध्या टीपॉयवर ठेवले तर एक दिवस सगळे खाली येईल. स्टँड सपाट आहे की नाही हे लेव्हलने पाहावे आणि खाली थर्माकोलची पट्टी घालावी, म्हणजे फळीवरचा छोटा खडा काचेला तडा देणार नाही. थेट उन्हाच्या खिडकीशी टाकी ठेवू नये. पाणी तापते आणि हिरवे शेवाळ माजते.

विजेचे काम पाण्याशेजारी चालते, म्हणून तेथे हयगय नको. फिल्टर आणि हीटरची वायर प्लगाकडे जाताना आधी खाली लोंबकळत जाऊन मग वर चढली पाहिजे. मग वायरवरून ओघळणारे पाणी प्लगात न शिरता खालीच गळून पडते. घरात 30 मिलिअँपियरचे आरसीसीबी असावे. पाण्यात हात घालण्यापूर्वी सर्व प्लग काढावेत. हवेची मोटर पाण्याच्या पातळीच्या वर ठेवावी किंवा नळीत एकेरी झडप बसवावी. नाहीतर वीज जाताच पाणी नळीतून उलटे मोटरीत आणि तेथून जमिनीवर येते.

एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. हवेची मोटर खोलीतली हवा ओढून पाण्यात सोडते. डासांची वडी, अगरबत्तीसारखी जळणारी कॉइल, झुरळांचा स्प्रे यांतली औषधे माणसाला फारशी जाणवत नाहीत, पण माशांना अगदी थोडी मात्राही जीवघेणी ठरते. त्या खोलीत स्प्रे मारायचाच असेल तर मोटर बंद करून टाकी झाकावी आणि खोली नीट हवेशीर झाल्यावरच मोटर चालू करावी. ताज्या रंगकामाच्या खोलीलाही हाच नियम.

नळाचे पाणी, बोअरिंगचे पाणी

माणसांसाठी नळाच्या पाण्यात पालिका क्लोरिन घालते. तो जंतू मारतो, आणि माशांचे कल्लेही जाळतो. पावसाळ्यात पाणी गढूळ झाले की मात्रा वाढूही शकते. पाणी उघड्या पिंपात हवेची नळी सोडून 24 तास ठेवले तर साधा क्लोरिन उडून जातो. घाई असेल तर हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, वापरतात. छायाचित्रकार पूर्वी डार्करूममध्ये वापरत तेच हे. एक भाग क्लोरिनला सुमारे सात भाग हायपो लागतो. त्या हिशेबाने नेहमीच्या नळाच्या 100 लिटर पाण्याला एक ग्रॅम हायपो पुरून उरतो. मात्र पाण्यात क्लोरिनऐवजी क्लोरामिन असेल तर ते नुसते ठेवून उडत नाही, आणि हायपोने तुटल्यावर त्यातून अमोनिया मोकळा होतो.

बोअरिंगच्या किंवा टँकरच्या पाण्याची तऱ्हा वेगळी. त्यात क्लोरिन नसेलही, पण क्षार जास्त आणि विरघळलेला प्राणवायू कमी असतो. असे पाणी एक दिवस हवा देऊन मगच वापरावे. खडी घेतानाही पारख करावी. मूठभर खडीवर शिरका टाकून पाहावा. फेस आला तर त्यात चुनखडी किंवा शिंपले आहेत. तिने पाणी जड होत जाते. अशी खडी मऊ पाण्यातल्या टेट्रासारख्या माशांच्या टाकीत नको.

न दिसणारा कारखाना

आता मुख्य मुद्दा. क्लोरिन काढला, तापमान जुळले, पाणी स्वच्छ दिसते, तरीही मासे पाचव्या दिवशी का मरतात?

मासा श्वास घेताना कल्ल्यांतून सतत अमोनिया सोडतो. त्याची विष्ठा आणि उरलेले खाद्य कुजूनही अमोनिया तयार होतो. नदीत तो वाहून जातो, टाकीत साठत जातो. तो डोळ्यांना दिसत नाही, पाणी गढूळ करत नाही आणि सुरुवातीला वासही देत नाही. मासा मात्र पृष्ठभागाशी येऊन धापा टाकतो, कल्ले लालसर होतात, पंख मिटून तो तळाशी बसतो. गिऱ्हाईक म्हणते, थंडी वाजली असेल. दुकानदार औषधाची बाटली विकतो. प्रत्यक्षात मासा स्वतःच्याच मळात गुदमरत असतो.

जुन्या टाकीत असे होत नाही, कारण तेथे एक कारखाना चालू असतो. काही जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात. दुसरे जिवाणू त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्राइटही विषारीच; ते रक्तातील हिमोग्लोबिन निकामी करते, माशाचे रक्त तपकिरी होते आणि भरपूर हवा असूनही तो घुसमटतो. शेवटचे नायट्रेट मात्र बरेच सौम्य असते आणि आठवड्याला थोडे पाणी बदलले की आटोक्यात राहते. हे काम जिवाणू करतात हे रशियन शास्त्रज्ञ विनोग्राडस्की यांनी 1890 च्या सुमारास ते जिवाणू वेगळे करून दाखवले होते.

हे जिवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत. ते फिल्टरच्या स्पंजला, खडीला, काचेला चिकटून राहतात आणि अतिशय सावकाश वाढतात. म्हणून नव्या टाकीत कारखाना उभा राहायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. आमच्या दुकानदाराच्या गिऱ्हाइकाने काय केले होते ते आता लक्षात येईल. सात वर्षे चाललेला कारखाना त्याच्या हातातच होता. क्लोरिनच्या नळाखाली ब्रशने घासून त्याने तो स्वतःच मोडला. जुने पाणी आणले असते तरी विशेष उपयोग झाला नसता. जुना स्पंज ओला आणावयास हवा होता.

सामूचा, म्हणजे पीएचचाही येथे संबंध आहे. अमोनियाचे पाण्यात दोन प्रकार असतात, एक फार विषारी आणि एक बराच सौम्य. पीएच 7 असताना विषारी भाग एक टक्क्याहून कमी असतो. पीएच 8 झाला की तो जवळजवळ दहापट होतो. पाणी गरम असेल तर आणखी वाढतो. म्हणून बोअरिंगच्या जड पाण्यात आणि एप्रिल-मेच्या उन्हात तीच चूक अधिक लवकर जीव घेते.

नवसागराची युक्ती

जिवाणू वाढवायचे तर त्यांना अमोनिया द्यावा लागतो. पूर्वी दोन-चार स्वस्त, काटक मासे सोडून त्यांच्याकडून हे काम करून घेत. ते मेले तर मेले, असा व्यवहार. आज त्याची गरज नाही. माशांशिवायही टाकी तयार करता येते, आणि त्यासाठी लागणारी वस्तू आपल्या कारागिरांना पिढ्यान्पिढ्या ठाऊक आहे.

ती म्हणजे नवसागर. तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई करताना कल्हईवाला तापलेल्या भांड्यात चिमूटभर पांढरी पूड टाकतो, धूर उठतो आणि मग कथील पसरते. ती पूड म्हणजेच अमोनियम क्लोराइड. फक्त बाजारातली कल्हईची पूड भेसळीची असू शकते, म्हणून टाकीसाठी रसायनांच्या दुकानातील शुद्ध प्रतीचीच घ्यावी.

मात्रा फार थोडी लागते. 100 लिटर पाण्याला सुमारे 0.6 ग्रॅम टाकले की अमोनिया लिटरमागे 2 मिलिग्रॅम होतो. आपल्या तीन फुटी टाकीला 0.8 ग्रॅम पुरे. अंदाजाने चमचा टाकू नये. सोनाराच्या काट्यावर तोलून घ्यावे. फिल्टर आणि हवा अहोरात्र चालू ठेवावी. पाण्याचे तापमान 27-28 अंश असले की जिवाणू चांगले वाढतात. मुंबई-कोकणात त्यासाठी वर्षातील बराच काळ काही करावे लागत नाही. नाशिक-पुण्याच्या हिवाळ्यात हीटर लागेल.

पुढचा क्रम असा. पहिले काही दिवस थेंबी परीक्षणात अमोनिया तसाच दिसेल. साधारण दुसऱ्या आठवड्यात तो उतरू लागेल आणि नायट्राइट चढेल. अमोनिया शून्याला आला की तेवढाच नवसागर पुन्हा द्यावा. मग एक दिवस नायट्राइटही उतरू लागेल. मध्येच सर्व थांबल्यासारखे वाटले तर पीएच पाहावा. हे जिवाणू पाण्यातला क्षार खात जातात. मऊ पाण्यात पीएच 6.5 च्या खाली घसरला की काम मंदावते. अशा वेळी थोडा खायचा सोडा विरघळवून घालावा.

टाकी तयार झाल्याची कसोटी एकच आहे. नवसागराची पूर्ण मात्रा दिल्यावर 24 तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले पाहिजेत. हे लागोपाठ दोन दिवस झाले की बहुतेक पाणी बदलावे, म्हणजे साठलेले नायट्रेट जाईल, आणि दुसऱ्या दिवशी मासे आणावेत. पाणी किती स्वच्छ दिसते ही कसोटी नव्हे.

बाजारात जिवाणूंच्या बाटल्या मिळतात. काही उपयोगी पडतात, पण बाटलीवर आंधळा विश्वास ठेवू नये. नायट्राइट संपवणारा जिवाणू कोणता, याविषयीच व्यापारात फार काळ गैरसमज होता. गोड्या पाण्याच्या टाक्यांत हे काम नायट्रोबॅक्टर नव्हे, तर नायट्रोस्पिरा करतो, हे 1998 मध्ये अमेरिकेतील संशोधनातून पुढे आले. शिवाय उन्हात तापलेल्या टेम्पोतून आलेल्या आणि वर्षभर फळीवर राहिलेल्या बाटलीत जिवंत काय उरले असेल, हे विकणाऱ्यानेच स्वतःला विचारावे.

सर्वांत खात्रीचा उपाय बाटलीत नाही, आपल्याच दुकानात आहे. ज्या टाकीत रोग नाही आणि जी वर्षभर चालू आहे, तिच्या फिल्टरमध्ये दोन-चार जादा स्पंज कायम ठेवावेत. नवी टाकी विकली की त्यातला एक स्पंज त्याच टाकीच्या पाण्यात ओला ठेवून द्यावा. चार-सहा आठवड्यांचे काम बरेचदा आठ-दहा दिवसांवर येते. तरीही मासे सोडण्यापूर्वी वरची कसोटी घ्यावीच.

मासे एका घरातून दुसऱ्या घरात

नवी टाकी तयार झाल्यावर स्थलांतराचा दिवस ठरवावा. आदल्या दिवशी माशांना खाद्य देऊ नये, म्हणजे प्रवासात पाणी कमी घाण होते. पिशवीत एक तृतीयांश पाणी आणि दोन तृतीयांश हवा ठेवावी. लांबचा प्रवास असेल तर प्राणवायू भरून घ्यावा. पिशवी थर्माकोलच्या खोक्यात अंधारात ठेवली तर मासे शांत राहतात. मोठे मासे एकेका पिशवीत न्यावेत. जुन्या टाकीचा स्पंज आणि खडी त्याच टाकीच्या पाण्यात, झाकण न लावलेल्या बादलीत न्यावी. हवा नसलेल्या बंद फिल्टरमध्ये काही तासांत जिवाणू मरू लागतात. भारनियमन असलेल्या गावांत बॅटरीवर चालणारी हवेची मोटर याचसाठी घरात हवी.

पोहोचल्यावर बंद पिशवी 15-20 मिनिटे नव्या टाकीत तरंगत ठेवावी, म्हणजे तापमान जुळते. प्रवास तासाभराचा असेल तर नंतर पिशवी उघडून थोडे थोडे टाकीचे पाणी घालत अर्धा तास जाऊ द्यावा. परंतु मासे परगावाहून रात्रभराच्या प्रवासाने आले असतील तर ही रीत उलटते. बंद पिशवीत माशांच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड साठतो, पीएच खाली येतो आणि जमलेला अमोनिया सौम्य रूपात राहतो. पिशवी उघडताच तो वायू उडतो, पीएच वर चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. अशा माशांना उघड्या पिशवीत तासभर ठेवणे म्हणजे विषात ठेवणे. तापमान जुळताच पिशवी उघडून त्यांना जाळीने लगेच टाकीत घ्यावे. दोन्ही प्रकारांत पिशवीतले पाणी टाकीत ओतू नये.

टाकीत आधीपासून दुसरे मासे असतील तर नव्यांना दोन ते चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवावे. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग घेऊन एकच मासा आला तरी सगळी टाकी आजारी पडते. औषधही वेगळ्या टाकीतच द्यावे, कारण मिथिलिन ब्लू फिल्टरमधले उपयोगी जिवाणूही मारते.

आणि घर बदलणे अचानक आले, टाकी तयार करायला वेळच मिळाला नाही, तर? मग निदान नुकसान कमी करावे. खाद्य एक दिवसाआड आणि चिमूटभर द्यावे. रोज परीक्षण करावे आणि अमोनिया किंवा नायट्राइट दिसताच पाव ते तृतीयांश पाणी, क्लोरिन काढलेलेच, बदलावे. नायट्राइट चढले तर लिटरमागे एक ग्रॅम मीठ घालावे. मिठातील क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. गोल्डफिश आणि मॉलीला एवढे मीठ चालते, काही नाजूक जातींना चालत नाही. ही धावपळ महिनाभर करावी लागते. त्यापेक्षा ओळखीच्या माणसाच्या तयार टाकीत काही आठवडे मासे ठेवणे बरे.

नको झालेले मासे तलावात किंवा नदीत सोडून येण्याचा मार्ग मात्र कोणी सुचवू नये. टाकी साफ करतो म्हणून विकला जाणारा सकर मासा असाच बाहेर पडला आणि केरळ, तामिळनाडू, बंगालच्या पाण्यात पसरून कोळ्यांची जाळी फाडू लागला आहे. एका घराची सोय दुसऱ्याच्या पोटावर येते. दुकानदाराने असे मासे परत घेण्याची सोय ठेवली तर तीही एक सेवा आणि गिऱ्हाईक टिकवण्याचा मार्ग आहे.

धंद्याचा हिशेब

आता व्यापाऱ्याचा प्रश्न. महिनाभर मासे विकू नका म्हटले तर धंदा कसा चालायचा?

ज्याचे मासे पाच दिवसांत मरतात ते गिऱ्हाईक पुन्हा एकदा मासे नेते, फार तर दोनदा. मग ती टाकी माळ्यावर जाते किंवा भंगारात निघते. खाद्य, स्पंज, दिवा, दरमहा देखभाल, मोठी टाकी, हे सर्व पुढचे उत्पन्न तेथेच संपते. शिवाय ते दहा जणांना सांगते की मासे पाळणे आपल्याला लाभत नाही. ज्याचे मासे सात वर्षे जगतात, ते गिऱ्हाईक सात वर्षे दुकानात येते. एका दिवसाच्या विक्रीसाठी आपण सात वर्षांचा गल्ला सोडतो.

शिवाय थांबण्याच्या काळातही विक्री असते. परीक्षणाची बाटली, हायपो, नवसागर, तयार स्पंज, घरी जाऊन टाकी मांडून देण्याची मजुरी, हे सर्व प्रामाणिक उत्पन्न आहे. टाकीच्या पावतीवरच मासे नेण्याची अंदाजे तारीख लिहून द्यावी. पाण्याचे परीक्षण दुकानात फुकट करून द्यावे. त्याला फार तर काही थेंब औषध लागते. पण त्या निमित्ताने गिऱ्हाईक दोन-तीन वेळा दुकानाची पायरी चढते. राहिला शेजारचा दुकानदार. तो आज मासे देईल हे खरे. म्हणून एका बाजारातल्या दुकानदारांनी एकत्र बसून हा नियम सर्वांनी पाळायचे ठरवले, तर कोणाचेच गिऱ्हाईक तुटणार नाही.

आमच्या परिचिताने त्या संध्याकाळी त्या गृहस्थांना नवे मासे दिले नाहीत. आपल्या चालू टाकीतला एक ओला स्पंज दिला, नवसागराची पुडी तोलून दिली आणि म्हणाला, "टाकी चालू ठेवा. दर आठवड्याला पाणी बाटलीत आणा. तयार झाली की मासे माझ्याकडून, पैसे नाहीत." गृहस्थ अर्धवट पटल्यासारखे गेले. ते परत येतील असे आम्हाला वाटले नव्हते.

गेल्या आठवड्यात आम्ही पुन्हा दुकानात गेलो. ते तीनदा पाणी घेऊन आले होते. तिसऱ्या वेळी दोन्ही नळ्या स्वच्छ निघाल्या, आणि दुसऱ्या दिवशी ते दोन लहान गोल्डफिश घेऊन गेले. दुकानदाराने ठरल्याप्रमाणे पैसे घेतले नाहीत. त्याने आता काउंटरवर हाताने लिहिलेली एक पाटी लावली आहे: "टाकी आज मिळेल. मासे पाणी तयार झाल्यावर." पाटी वाचून दोन गिऱ्हाइके परत गेली, असे तो म्हणाला. आम्ही विचारले, मग पाटी काढणार का? तो म्हणाला, "नाही. ती दोघं दुसरीकडून मासे नेतील. ते मेले की त्यांना ही पाटी आठवेल."